हशानंतरचे वाक्य

यासीनभाई, पाइनच्या फळीवर करवत चालली की जो वास सुटतो, तो मला गेल्या अकरा दिवसांत तीनदा आला. एकदा इथे दुबईत, करामातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, एकदा मेट्रोच्या डब्यात, आणि परवा नाटकाच्या विंगेत. पहिल्या दोन वेळा तो भास होता. तिसऱ्या वेळी खरा होता, कारण विंगेजवळची ती चौकट तुम्ही जाण्याच्या आठवडाभर आधी स्वतः तासली होती आणि लाकडाला अजून त्याची जखम आठवत होती. राळेचा गोडवा, त्यामागे लिंबाच्या सालीसारखा तुरट काठ, आणि अगदी तळाशी तुमच्या सुलेमानी चहाची वाफ. चहाची वाफ मात्र तिथे नव्हती. ती मी मनाने घातली. तुम्ही याला ‘अ‍ॅडिशन’, नटाची पदरची भर, म्हटले असते आणि खूश झाला असता.

मी तुम्हाला पहिल्यांदा भेटले ती एका खोक्यासाठी. घर बदलायचे होते, पुस्तके फार होती, आणि कुणीतरी रास अल खोरमधला तुमचा कारखाना सांगितला, जिथे बोटीने जाणाऱ्या यंत्रांसाठी लाकडी खोकी बनत. तुम्ही पुस्तकांच्या पाठी वाचत वाचत ती भरलीत. मग खोके हलवून पाहिलेत आणि विचारलेत, “यात कविताच दिसतात सगळ्या. मग वजन एवढं कसं?” पुण्याहून इथे आल्याला दोन वर्षे झाली होती, आणि त्या दोन वर्षांत माझ्याशी कवितेबद्दल कुणी एक शब्द बोलले नव्हते. मी हसले. खिशातली पेन्सिल काढून तुम्ही खोक्याच्या झाकणावर एक लहान रेघ ओढलीत. मला वाटले, मोजमाप असेल.

ती रेघ माझ्या हसण्याची होती, हे मला पुढे नाटकाच्या तालमीत कळले. आपल्या मराठी नाट्यमंडळात तुम्ही नेपथ्य उभे करत होता आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत होता. चोवीस वर्षे प्रत्येक प्रयोगाच्या संहितेवर तुमची पेन्सिल चालली. एक रेघ म्हणजे प्रेक्षकांत स्मित, दोन रेघा म्हणजे हशा, गोल म्हणजे सगळे सभागृह. मी एकदा विचारले, हे कशासाठी? “घरी बायकोला सांगायला लागतं,” तुम्ही म्हणालात. “रुकय्याला अंधारात बसवत नाय, म्हणून ती नाटकाला येत नाय. पण दार उघडलं की उंबऱ्यावरच विचारते. कोण आलं होतं, कपडे कसे होते, त्याचं तिला काय नाय. एकच विचारते. मग खोटं कसं सांगणार? लिहून ठेवतो.”

दुसरी तुमची पद्धत दोन टकटकींची. मोठा हशा आला की नवखा नट घाबरतो आणि पुढचे वाक्य हशातच बुडवून टाकतो. म्हणून तुम्ही आपल्या सगळ्यांना शिस्त लावलीत: हशा आला की गप्प उभे राहायचे, आणि तो पुरता ओसरण्याच्या किंचित आधी तुम्ही पेन्सिलीने चौकटीवर दोनदा ठोकले की मगच बोलायचे. टक, टक. प्रेक्षकांना ते कधी ऐकू गेले नाही. आपल्या नटांना मात्र त्याशिवाय तोंड उघडता येईनासे झाले. बाहेरच्या एका दिग्दर्शकाने आपली तालीम पाहून विचारले होते, “तुमची माणसं अशी थांबतात का, बस चुकल्यासारखी?” तुम्ही म्हणालात, “चुकू नये म्हणून थांबतात.”

आणि मग ते नाटक तुमच्या आयुष्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये प्रथम रंगलेले एक प्रहसन; लेखक इंग्रज, नशीब अमेरिकन. एक गावंढळ अमेरिकन पाहुणा इंग्लंडमधल्या आपल्या खानदानी नातेवाइकांकडे येतो, एवढीच गोष्ट. इंटरनेटवर त्याच्या जुन्या छापील प्रती तुम्हाला सापडल्या. करामातल्या दुकानात तुम्ही त्या छापून घेतल्यात आणि नात झोयाकडून दर शुक्रवारी वाचून घेऊ लागलात. झोया कंटाळून म्हणे, “नाना, इट्स नॉट इव्हन फनी.” तुमचे उत्तर ठरलेले असे: “कागदावर हसू नसतं ग. त्याला माणसं लागतात.”

जग ते नाटक हसण्यासाठी ओळखत नाही. त्याच्या एका प्रयोगात, प्रेक्षागृहात बसलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडली गेली, म्हणून ओळखते. मारेकरी स्वतः नट होता. सर्वांत मोठा हशा कोणत्या वाक्याला येतो हे त्याला ठाऊक होते, आणि गोळीचा आवाज त्यात बुडावा म्हणून त्याने तीच जागा निवडली. तुम्हाला याचा असा संताप येई, जणू तो प्रयोग आपल्याच मंडळाचा होता. “हशा हा नटाच्या हक्काचा माल, कवीबाई. त्याने तो चोरला.” मग चहाचा पेला खाली ठेवून हळू आवाजात म्हणत, “आणि हशानंतरचं वाक्य राहून गेलं. पुढचा नट आत तयार उभा असेल. त्याचं वाक्य त्या प्रयोगात कुणी ऐकलंच नाय.”

त्या राहिलेल्या वाक्यासाठी तुम्ही माझ्याकडून रूपांतर करून घेतलेत. गावंढळ अमेरिकन आपल्याकडे संगमेश्वरचा भाचा झाला, आणि इंग्रज हवेलीची जागा दुबई मरीनाच्या बेचाळिसाव्या मजल्यावरच्या मावशीच्या फ्लॅटने घेतली. मी त्यावर आठ महिने काम केले. एकेक वाक्य ओवीच्या चरणासारखे घासले, श्वास मोजले. लिहिलेला शब्द हाच नाटकाचा देह, असे मी मानत आले आहे, आणि आजही मी ते सहज सोडणार नाही.

तुमचे म्हणणे वेगळे होते आणि त्याला पुरावा होता. त्या प्रहसनात एका मूर्ख उमरावाची भूमिका मूळ संहितेत अगदी किरकोळ होती. ज्या नटाला ती मिळाली त्याला ती नकोशी होती. मग तो प्रयोगागणिक एखादी लकब, एखादी अडखळ, पदरचे एखादे वाक्य घालत गेला. काही वर्षांत लोक त्या उमरावासाठीच तिकिटे काढू लागले. त्याच्या गालमिशांची फॅशन निघाली. नाटक एकीकडे राहिले आणि कोपऱ्यातला माणूस मध्यावर आला. “लेखकानं खोकं बनवलं,” तुम्ही म्हणत, “आत काय भरायचं ते नटानं बघितलं.” मी म्हणे, “आणि खोकं फुटलं.” तुम्ही म्हणत, “फुटलं नाय. बोटीवर चढलं.”

त्या उमरावाचे मी आपल्याकडे लंडनहून आलेले जावईबापू केले होते. पूर्ण नाटकात त्यांना सहा वाक्ये. मागच्या वर्षी तुम्ही, चोवीस वर्षांत कधी काही न मागितलेले तुम्ही, कारखान्याच्या दारात उभे राहून म्हणालात, “जावईबापू मी करू काय?”

मी नाही म्हटले. कारणही सांगितले: “तुम्ही भर घालाल.”

“भर नाय घातली तर जगवणार कसा त्याला?”

“मी लिहिलाय तसा जगेल तो.”

तुम्ही मान हलवलीत, आणि भूमिका मरीनात राहणाऱ्या, कुठल्याशा कंपनीत डेटा पाहणाऱ्या आपल्या निखिलला मिळाली. आपण एक तडजोड केली. मुख्य हशाच्या प्रवेशात जावईबापूंना काही काम नव्हते. तुमच्या हट्टाखातर मी त्यांना सोफ्यावर पेंगत बसू दिले. बसायचे, बोलायचे नाही.

तो प्रवेश असा. मावशी भाच्याच्या संस्कारांचा उद्धार करून, दार आपटून आत जाते. भाचा बंद दाराला म्हणतो: “मावशे, बेचाळिसाव्या मजल्यावर गेल्यापासून तू खाली बघून बोलतेस. पण संगमेश्वरात मांजर दिसलं की आजोबांच्या खांद्यावर चढून बसायचीस. उंचीची हौस तुला तेव्हापासूनची.” इथे हशा. आणि हशानंतर, सावकाश: “मी जातो. पिशवी अजून दाराबाहेरच आहे. आत कुणी घेतलीच नव्हती.” मी लिहिलेल्या सगळ्या ओळींमध्ये तुम्हाला ही सर्वांत प्रिय होती. “याच्यासाठी आधी खूप हसवायला पाहिजे,” तुम्ही म्हणालात. “हसून मोकळा झालेला माणूसच हे ऐकू शकतो. तुमचा हशा थोडा कमी पडतोय, कवीबाई.”

मग एका रविवारी तुमची प्रत माझ्या हाती आली आणि त्या प्रवेशाच्या समासात मला तुमचे अक्षर दिसले. जावईबापू, झोपेतून दचकून: “मांजर? कितव्या मजल्यावर आहे?” निखिलकडून तुम्ही ते बोलूनही घेतले होते, माझ्या मागे. मी सगळ्यांच्या देखत लाल पेनाने ते खोडले आणि म्हणाले, “यासीनभाई, तुम्ही प्रॉम्प्टर आहात. लेखक नाही.”

सलीम, तुमच्या कारखान्याचा सुपरवायझर आणि आपल्या नाटकातला भाचा, चहा ओतत होता. त्याचा हात थांबला. तुम्ही मात्र हसून म्हणालात, “खलास. यल्ला, पुढचा प्रवेश.” त्यानंतरच्या तालमींत तुम्ही तो विषय काढला नाहीत. मी क्षमा मागायचे ठरवले होते. रंगीत तालमीनंतर, सगळे गेले की, फळ्यांवर बसून. शब्दही घासून ठेवले होते. रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी सकाळी सलीमचा फोन आला, आणि ते घासलेले शब्द माझ्याकडेच राहिले.

तुमचे दफन झाले त्याच संध्याकाळी करामातल्या आपल्या नेहमीच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष देशमुखसाहेब म्हणाले, “मॅडम, आत्ता कॉमेडी बरी दिसणार नाही. हॉल आहे, परवानगी आहे. शोकसभा घेऊ. फोटो, दोन मिनिटं शांतता, चार जण बोलतील.”

“चार जण बोलतील तेव्हा प्रॉम्प्टिंग कोण करणार?” मी विचारले.

कुणी हसले नाही. त्या चौघांपैकी तिघांना तुम्ही वर्षानुवर्षे वाक्ये पुरवली होती, हे मात्र सगळ्यांना आठवले असावे.

“लोक काय म्हणतील?” वैशालीताईंनी विचारले. मावशीची भूमिका त्यांची. त्यांचे डोळे सुजले होते. “नवव्या दिवशी मी तोंडाला रंग लावू?”

मी त्यांना सांगितले ते तुमचेच होते. त्या अमेरिकन नाटकाची थट्टा अशी झाली की एका मृत्यूने त्याचा सगळा हशा गिळला. शेकडो प्रयोगांत हजारो माणसे हसली, त्यांची कुणाला आठवण नाही. तेच आपण यासीनभाईंच्या बाबतीत करायचे का? त्यांची शांतता लोकांना दाखवायची आणि चोवीस वर्षांच्या रेघा कपाटात ठेवायच्या? सलीम कोपऱ्यातून म्हणाला, “भाई असते तर म्हणाले असते, नाटक पुरं करा.” देशमुखसाहेबांनी बराच वेळ कपात चमचा फिरवला. चहात साखर नव्हतीच. शेवटी म्हणाले, “प्रॉम्प्टिंगला कोण?”

“मी,” मी म्हणाले. मला खात्री होती. ओळ न ओळ माझी होती. माझ्याहून चांगला प्रॉम्प्टर कोण मिळणार?

झोया तुमची प्रत घेऊन आली. “नानी सेड यू शुड हॅव इट,” म्हणाली आणि माझ्या दारातच रडली. मी तो प्रवेश उघडला. वाटले होते, माझ्या लाल रेघेखाली तुम्ही ते वाक्य पुन्हा लिहिले असेल. तसे काही नव्हते. तुम्ही माझा शब्द पाळला होता. फक्त खोडलेल्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक गोल होता, तुटक टिंबांचा. न झालेल्या हशासाठी जागा राखून ठेवावी, तसा.

आणि मग परवाची संध्याकाळ. सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत तुमच्या जमातीची वडीलधारी मंडळी ताठ बसली होती, मागे पुण्या-मुंबईकडची कुटुंबे. पहिल्या अंकात लोक हसले, पण जपून, शेजाऱ्याकडे बघून. मी चौकटीजवळ तुमच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर तुमची प्रत, हातात तुमची पेन्सिल. छोट्या हशांना मी टकटक केली, नट बोलले, सगळे माझ्या ताब्यात होते. मला वाटले, जमले.

दुसऱ्या अंकात तो प्रवेश आला. वैशालीताईंनी दार असे आपटले की चौकट थरथरली आणि लाकडाचा तो वास माझ्या अंगावर आला. सलीम दाराला म्हणाला, मावशे, बेचाळिसाव्या मजल्यावर. उंचीची हौस. हशा आला. चांगला आला, दोन रेघांचा. चढला, थांबला, उतरू लागला. सलीम थांबला होता. सोफ्यावर निखिल पेंगत होता. हशा पार विझला, आणि कुणी बोलेना. मी मनात म्हटले, बोल ना सलीम. आणि मग मला उमगले, यासीनभाई, की मीसुद्धा थांबले होते. त्या सगळ्यांसारखीच मी टकटकीची वाट पाहत होते. ती तुमच्याकडून येणार होती.

नऊ दिवस मी कुठेही रडले नव्हते. त्या शांततेत माझा हात पेन्सिलीसकट जड झाला. ओळ न ओळ माझी होती, आणि मला एकही ओळ दिसत नव्हती. सलीमचे डोळे विंगेकडे वळले. त्याला मी दिसले आणि त्याचा चेहरा हलू लागला. आणखी दोन श्वास गेले असते तर तो तिथेच कोसळून रडला असता. हशानंतरचे वाक्य पुन्हा एकदा राहून गेले असते, या वेळी माझ्या हातून.

तेवढ्यात सोफ्यावर निखिल दचकून उठला. डोळे चोळले. चष्मा चाचपला. आणि लंडनच्या त्या ओल्या, जड उच्चारात अत्यंत काळजीने विचारले:

“मांजर? कितव्या मजल्यावर आहे?”

ते सभागृह कसे फुटले, हे मला नीट लिहिता येणार नाही, आणि मी आयुष्यभर नीट लिहिण्याचेच काम केले आहे. आधी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खोकल्यासारखा आवाज काढला, मग तो आवाज मागे पसरत गेला. नऊ दिवस दाबून धरलेले सगळे त्यातून बाहेर आले. माणसे खुर्च्यांचे हात धरून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. दाराआड वैशालीताई तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. सलीम पाठमोरा झाला; त्याचे खांदे हलत होते; हसत होता की रडत होता ते मला कळले नाही, कळून घ्यायचेही नव्हते. मी ऐकत राहिले, तुम्ही शिकवले तसे. लाट वर गेली. थांबली. उतरू लागली. अजून नाही. अजून नाही. आता.

टक, टक.

सलीम वळला. “मी जातो,” तो म्हणाला. “पिशवी अजून दाराबाहेरच आहे. आत कुणी घेतलीच नव्हती.”

त्या वेळची शांतता वेगळी होती. इतक्या वर्षांत माझी एकही ओळ कुणी अशी ऐकली नव्हती. तुमचे बरोबर होते. माझेही होते, ती ओळ मी लिहिली आहे आणि तिच्यातला एकही शब्द बदलण्याजोगा नाही, हे मी तुमच्यासमोरही ठासून सांगितले असते. पण तिला आत घेणारे दार तुम्ही ठोकलेत. आपला वाद मिटला असे मी म्हणणार नाही. मिटवायला तुम्ही नाही, आणि एकटीने जिंकण्यात मला गोडी नाही. वाद राहू दे. तो चालू आहे तोवर आपले बोलणे चालू आहे.

प्रयोगानंतर निखिल विंगेत आला, पांढराफटक. “मॅडम, सॉरी. तुम्ही कट केलं होतं. पण भाईंनी सांगितलं होतं, सगळे गप्प झाले तरच बोल.” मी त्याच्या हातात तुमची प्रत दिली आणि लाल रेघेखाली ते वाक्य त्याच्याकडून शाईने लिहून घेतले. त्याखाली तुमचे नाव मी लिहिले. लेखक म्हणून. जी क्षमा मी फळ्यांवर बसून मागणार होते, ती हीच, यासीनभाई. शब्द कमी झाले, बरे झाले.

तो टिंबांचा गोल मात्र मी तसाच ठेवला. तो पुरा करण्याआधी कुठेतरी जायला हवे होते.

काल सकाळी मी तुमच्या घरी गेले. रुकय्याभाभी इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडणार नाहीत. दार झोयाने उघडले. सगळे वाक्यवार सांगायचे मी ठरवून गेले होते: कोण आले होते, पहिल्या रांगेत कोण बसले होते, देशमुखसाहेब शेवटी काय बोलले. खिशात तुमची पेन्सिल होती. चपला काढायला मी खाली वाकले आणि वर पाहिले, तर भाभी आतून चालत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, पांढऱ्या ओढणीत, एक हात दाराच्या चौकटीवर. त्यांनी मला सलाम केला नाही, आत ये म्हटले नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले:

“हसले?”